नाचता येईना, गनर वाकडा

ऑनलाइन कॉम्बॅट फ्लाइट सिम्युलेटर खेळणाऱ्यांच्या जगात एक रडगाणं गेली वीस-पंचवीस वर्षं न चुकता ऐकू येतं. गेम बदलले, ग्राफिक्स कार्डं बदलली, जॉयस्टिक बदलल्या, रडगाणं तेच. "बॉम्बरचे गनर चीट करतात!" २००१ साली 'इल-२ स्टर्मोव्हिक' आला तेव्हापासून मी हे ऐकतोय. म्हणजे माणूस छान आपलं मेसरश्मिट १०९ घेऊन जातो, समोर एक जाडजूड बॉम्बर संथपणे चाललेला दिसतो, हा त्याच्या मागे लागतो, आणि दहा सेकंदांत याचं इंजिन पेटलेलं असतं. मग हेडफोनवर शिव्या. मग "कंप्युटर चालवतो ना तो गनर, त्याचा नेम कधी चुकतच नाही, हे अनफेअर आहे".

तर मंडळी, आजचा वीकेंड या रडगाण्याला अर्पण. माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो: गनर चीट करत नाही, त्याचं गणित तुम्हीच त्याला सोडवून देता.

आमच्या धंद्यात बग नोंदवायचा तर आधी 'स्टेप्स टू रिप्रोड्यूस' लिहाव्या लागतात. नुसतं "चालत नाही" लिहिलं की टेस्टरला कोणी विचारत नाही. मग हाही बग तसाच नोंदवूया की.

पायरी एक: बॉम्बर दिसला की त्याच्याकडे नाक करा आणि सरळ निघा.
पायरी दोन: बरोब्बर त्याच्या शेपटीमागे या.
पायरी तीन: वेग जास्त झाला तर पुढे निघून जाल म्हणून थ्रॉटल कमी करा.
पायरी चार: नेम नीट बसावा म्हणून विमान अजिबात हलू देऊ नका.
अपेक्षित निकाल: बॉम्बर पडावा.
प्रत्यक्ष निकाल: तुम्ही पडलात.

आता या चार पायऱ्या गनरच्या खुर्चीत बसून वाचा. घड्याळाच्या भाषेत विमानाचं नाक बारा वाजता आणि शेपूट सहा वाजता धरतात. हा शेपटीबहाद्दर सहाच्या काट्यावर येऊन बसलाय. डावीकडे सरकत नाही, उजवीकडे सरकत नाही, नुसता हळूहळू मोठा होतोय. हलणाऱ्या लक्ष्यावर गोळी मारताना लक्ष्याच्या किती पुढे नेम धरायचा, याला डिफ्लेक्शन म्हणतात, आणि हवेतल्या नेमबाजीत कठीण असं काही असेल तर ते हेच. तुम्ही शेपटीमागे स्थिर बसलात की डिफ्लेक्शन जवळजवळ शून्य. गनरच्या कोडमध्ये कितीही भारी अल्गोरिदम असो किंवा अगदी सुमार, उत्तर एकच येतं: समोर बघ आणि चाप ओढ. यासाठी चीट कशाला करायला हवं? माझी आजीसुद्धा पाडेल.

थोडे आकडे मांडतो. अंदाजे आहेत, पण पुरेसे आहेत. उंचावर बी-१७चा खरा वेग ताशी ३६० किलोमीटर धरू. फायटरचा ६००. हजार मीटरवर गनर गोळीबार सुरू करतो आणि तुम्ही दोनशे मीटरपर्यंत येता असं समजा. म्हणजे मधलं अंतर ८०० मीटर.

समोरून आलात तर दोघांचे वेग मिळवायचे. ताशी ९६०, म्हणजे सेकंदाला साधारण २६७ मीटर. ८०० मीटर तीन सेकंदांत संपले.

मागून आलात पण वेग कमी केला नाहीत, तर फरक ताशी २४०. बारा सेकंद.

मागून आलात आणि 'नेम नीट बसावा' म्हणून थ्रॉटल ओढून फरक ताशी ५० वर आणलात, तर जवळजवळ एक मिनिट!

एक मिनिट. पॉइंट फिफ्टी कॅलिबरची ब्राउनिंग मिनिटाला साधारण ८०० गोळ्या झाडते. बी-१७च्या शेपटीत तशा दोन गन, पाठीवरच्या टरेटमध्ये दोन, पोटाखालच्या गोल टरेटमध्ये दोन, आणि मागच्या बाजूला या सगळ्यांना वळता येतं. एवढ्या सहा नळ्यांसमोर तुम्ही एक मिनिट नमस्काराला उभे राहिलात आणि वर म्हणता "गनर ओव्हरपॉवर्ड आहेत"? काय राव!

अजून एक गंमत आहे, जी या शेपटीबहाद्दरांपैकी फार थोड्यांच्या लक्षात येते. समजा दोघांकडे एकच गन आहे, दोघांचा वेग सारखा आहे आणि मध्ये ६०० मीटर आहेत. तुमची गोळी जाईपर्यंत बॉम्बर पुढे सरकतो, म्हणून तिला हवेतून साधारण ६७० मीटर कापावे लागतात. गनरची गोळी येईपर्यंत तुम्ही स्वतःच तिच्याकडे चालत येता, म्हणून तिला जेमतेम ५३० मीटर पुरतात. शिवाय मागच्या दिशेने सुटलेल्या गोळीचा हवेतला वेग कमी, त्यामुळे हवेचा विरोधही कमी. म्हणजे तीच गन, तीच गोळी, पण गनरचा पल्ला तुमच्यापेक्षा लांब. हा कोणा प्रोग्रामरने केलेला पक्षपात नाही, अकरावीचं फिजिक्स आहे.

बरं, हे सगळं कोणाला माहीत नव्हतं असंही नाही. ज्यांचा जीव खरोखर पणाला लागला होता त्यांनी हे रक्त सांडून शिकून ठेवलंय. (ते कोणासाठी आणि कसल्या राजवटीसाठी लढत होते हे विसरायचं कारण नाही. पण डावपेचांचा अभ्यास करायचा तर त्यांच्याकडे बघावंच लागतं.) १९४२ साली अमेरिकन बी-१७ फ्रान्सवर येऊ लागले तेव्हा जर्मन फायटर आधी मागूनच जात होते, आणि मार खात होते. २३ नोव्हेंबर १९४२ला सेंट-नाझेरवर एगोन मायरच्या तुकडीने थेट समोरून हल्ला केला. कारण साधं होतं. तेव्हाच्या बी-१७ च्या नाकाशी संरक्षण सगळ्यात तोकडं होतं, आणि पायलट, को-पायलट, इंजिनं अशा सगळ्या नाजूक गोष्टी पुढेच होत्या. जर्मन हिशोबाप्रमाणे मागून मारायचं तर बी-१७ पाडायला २० मिलिमीटरचे साधारण वीस गोळे लागत, आणि सरासरी पायलटचे शंभरातले दोनच गोळे लागत. म्हणजे एका बॉम्बरमागे हजार गोळे. एवढे गोळे एका फायटरमध्ये मावतच नसत.

आणि यावर अमेरिकनांनी काय केलं? "समोरून येणं अनफेअर आहे" असं रडत बसले नाहीत. त्यांनी बी-१७ जी या पुढच्या मॉडेलमध्ये थेट हनुवटीखाली दोन गनचं टरेट बसवलं. एकाने डाव टाकला, दुसऱ्याने उतारा शोधला. सिम्युलेटरचा सगळा रस याच्यातच आहे ना? का नुसतं आपल्या नावापुढे किल वाढावेत म्हणून आपण हजारो रुपयांचं रडर पेडल पायाखाली घेऊन बसतो?

शेपटीमागे जाण्याची सगळ्यात बोलकी गोष्ट मात्र पॅसिफिकमधली. साबुरो साकाई हा जपानचा मुरलेला, नावाजलेला पायलट. ७ ऑगस्ट १९४२ला ग्वाडलकॅनालजवळ त्याला पुढे काही विमानं दिसली. त्याला वाटलं वाइल्डकॅट फायटर आहेत, मागे गन नसणार. तो मागून जवळ गेला. ते निघाले डॉन्टलेस डाइव्ह-बॉम्बर, प्रत्येकात मागे तोंड करून बसलेला गनर. साकाईच्या डोक्याला गोळी लागली, उजवा डोळा निकामी झाला, आणि त्या अवस्थेत साडेचार तासांहून जास्त वेळ उडत, हजारएक किलोमीटर कापून तो राबाउलला परतला. इतक्या तरबेज माणसाची ही गत, तर मग शनिवारी रात्री जेवून-बिवून बसलेल्या आपल्यासारख्यांची काय कथा?

आता विरुद्ध बाजूचे मुद्दे घेतो, कारण ते सगळेच टाकाऊ नाहीत.

पहिला मुद्दा: "जर्मनांनीच नंतर मागून हल्ले केले की! ते स्टुर्म ग्रुप?" केले, शंभर टक्के केले. १९४४ मध्ये फॉक-वुल्फ १९० ला कॉकपिटभोवती जादा चिलखत आणि जाड काच लावली, पंखांत ३० मिलिमीटरच्या एमके १०८ तोफा बसवल्या, ज्यांचे तीन-चार गोळे बी-१७ला पुरत. मग एकेकटं नाही, तर अख्खी रांग खांद्याला खांदा लावून एकदम मागून घुसायची, म्हणजे गनर्सना कोणाकोणावर मारू असं व्हायचं. ७ जुलै १९४४ला ओशर्सलेबनजवळ एका अमेरिकन ग्रुपची डझनभर बी-२४ त्यांनी अशीच पाडली. पण याची किंमत? ते विमान इतकं जड झालं की मस्टँग समोर आलं तर खलास. म्हणून त्यांना सांभाळायला वर वेगळे १०९ ठेवावे लागत. तेव्हा तुमच्याकडे चिलखत असेल, तोफा असतील, बरोबर वीसजण असतील आणि डोक्यावर राखणदार असतील, तर खुशाल मागून जा. एकट्याने हलक्याफुलक्या १०९ मधून जाऊन स्टुर्म ग्रुपचा दाखला देऊ नका.

दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे: "खरे गनर इतके अचूक नव्हतेच." बरोबर. १७ ऑगस्ट १९४३च्या श्वाइनफुर्ट-रेगेन्सबुर्ग मोहिमेनंतर अमेरिकन गनर्सनी २८८ फायटर पाडल्याचा दावा केला होता. जर्मनांचं खरं नुकसान त्याचा अगदी छोटा हिस्सा होतं. १४ ऑक्टोबर १९४३ला पुन्हा श्वाइनफुर्टवर २९१ बी-१७ निघाले, त्यातले ६० परत आले नाहीत. गनर्स एवढे थोर असते तर हे झालं नसतं, आणि शेवटी या प्रश्नाचं उत्तर लांब पल्ल्याच्या एस्कॉर्ट फायटर्सनीच दिलं.

पण ती ६० विमानं कशी पडली हेही बघा ना. शेकडो फायटर, तासन्‌तास, लाटांमागून लाटा. गनच्या पल्ल्याबाहेरून सोडलेली २१ सेंटिमीटरची रॉकेटं, जी बॉम्बर्सचा व्यूह विस्कटायला वापरली. समोरून हल्ले. फुटून एकटं पडलेलं विमान गाठून मारणं. म्हणजे खरे गनर मारण्यात कमी पडले तरी एक काम त्यांनी चोख केलं: फायटरला आरामात मागे बसू दिलं नाही. गनरचं काम तुम्हाला पाडणं हे दुय्यम, तुम्हाला लांब ठेवणं हे मुख्य. तुम्ही लांब राहायचं नाकारलंत तर मग तो दुय्यम काम करतो. त्याचा काय दोष?

तिसरा मुद्दा आपल्याकडचा, म्हणजे भारतातून युरोपच्या सर्व्हरवर खेळणाऱ्यांचा: "दोनशे मिलिसेकंद पिंग असताना समोरून कसलं मारता?" हिशोब ऐकायला तर बिनतोड आहे. सेकंदाला २६७ मीटरच्या वेगात २०० मिलिसेकंद म्हणजे ५३ मीटर. बी-१७ची लांबीच साधारण २३ मीटर. म्हणजे दोन बॉम्बर मावतील एवढी चूक! पण हे सिम्युलेटर पलीकडचं विमान जुन्या जागी दाखवत नाहीत. शेवटच्या कळलेल्या जागेवरून आणि वेगावरून ते आत्ता कुठे असेल याचा अंदाज बांधून दाखवतात. डेड रेकनिंग. आता मला सांगा, हा अंदाज कोणाच्या बाबतीत चुकेल? गरागरा फिरणाऱ्या फायटरच्या बाबतीत. आणि सरळ रेषेत, एका वेगाने, बॉम्ब टाकायला निघालेल्या बॉम्बरच्या बाबतीत? जवळजवळ नाहीच. म्हणजे खराब नेटवर आख्ख्या आकाशात मारायला सोपं लक्ष्य कोणतं असेल तर ते हेच! पिंगच्या नावाने बिल फाडायचं असेल तर ते डॉगफाइटमध्ये फाडा.

चौथा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. काही गेममध्ये कंप्युटरचा गनर ढगातून बघतो. बॉम्बर गिरकी घेत असताना, जिथे खरा माणूस भिंतीवर आदळला असता, तिथेही त्याचा हात हलत नाही. हे चूक आहे आणि दुरुस्त व्हायला हवं. पण "ढगातून दिसू नये" आणि "गिरकीत नेम बिघडावा" या मागण्या वेगळ्या, आणि "सरसकट गनर ढ करा" ही मागणी वेगळी. पहिल्या दोन बग आहेत. तिसरी म्हणजे आपल्याला पेपर अवघड गेला म्हणून पाठ्यपुस्तकातून धडाच काढा म्हणणं.

हे सगळं आज लिहायला बसलो त्याला कारण आहे. आमचा एक छोटा ग्रुप आहे, पुणे, बंगळुरू आणि दोघे-तिघे परदेशात. वीकेंडला आमच्याच सर्व्हरवर मिशन लावतो. त्यात एक ठराव आलाय की गनर्सचं कौशल्य सेटिंगमध्येच एक पायरी खाली आणायचं. या आठवड्यात मत द्यायचंय. बहुमत कुठे झुकलंय ते मला दिसतंय.

ग्रुपमध्ये बॉम्बर उडवणारे दोघेच आहेत. जरा त्यांची संध्याकाळ बघा. अर्धा तास ते जड धूड घेऊन उंची गाठतात. नकाशावर नदी आणि रेल्वेचा रूळ जुळवत लक्ष्य शोधतात. मग बॉम्बसाइटमध्ये डोळा घालून विमान काटेकोर सरळ ठेवतात. त्या वेळात ते वळू शकत नाहीत, पळू शकत नाहीत. त्यांच्याकडे स्वतःच्या बचावाला फक्त ते गनर असतात. एवढं करून बॉम्ब अचूक पडले तर त्यांच्या नावापुढे काही झळाळत नाही, आणि नाही पडले तर आपण सगळे मिळून त्यांना चिडवतो. त्यांचा तो एकुलता एक आधारही आपण काढून घेणार, का तर आपल्याला दहा मिनिटं वर चढायचा कंटाळा येतो म्हणून! दोघांपैकी एक मला म्हणाला, "ठराव पास झाला तर मी पण १०९ घेतो, बघू मग काय पाडताय ते." आणि तो बरोबर बोलला. बॉम्बर नाही म्हणजे अडवायला काही नाही, एस्कॉर्टला काम नाही, उंचीला किंमत नाही. उरतं काय? झाडांच्या उंचीवर गोल गोल फिरणारी दहा विमानं. त्याला मिशन म्हणत नाहीत, त्याला जत्रेतला पाळणा म्हणतात.

नुसती टीका करून पळून जात नाही. उपाय सांगतो, फुकट आहे.

एक, आधी उंची. बॉम्बरच्या किमान हजार मीटर वर. सहा हजार मीटर गाठायला १०९ला सात-आठ मिनिटं लागतात. तेवढ्यात चहा प्या. आणि बॉम्बरच्या दिशेने तोंड करून चढू नका, बाजूला जाऊन चढा. 'वॉर थंडर'च्या रिअलिस्टिक बॅटलमध्ये तर बॉम्बर हवेतच वर सुरू होतो, तिथे थेट त्याच्या मागून चढत जाणं म्हणजे जिना चढता चढता वरच्याच्या लाथा खाणं.

दोन, गनच्या पल्ल्याबाहेर, दोन-तीन किलोमीटर बाजूने त्याला मागे टाकून पुढे जा. घाई नको.

तीन, आता वळा आणि दहा-अकरा किंवा एक-दोनच्या काट्यावरून, वरून खाली या. थ्रॉटल पूर्ण. गनरला तुम्ही आडवे, खाली, जवळ असे एकदम तिन्ही बाजूंनी सरकताना दिसले पाहिजेत. आता सोडव म्हणावं गणित!

चार, कॉकपिट, पंखाचं मूळ किंवा एक इंजिन, यातलं एकच निवडा. पाचशे मीटरवर सुरू, अडीचशेवर बंद. अख्ख्या विमानावर गोळ्या शिंपडू नका, तुळशीला पाणी घालत नाही आहोत.

पाच, मारून झालं की त्याच वेगात खाली निसटा. पाडलं का नाही हे बघायला वर खेचून पोट दाखवाल तर वेगही जाईल आणि जीवही. तीन किलोमीटर लांब गेल्याशिवाय मान वळवायची नाही.

सहा, दोघे असाल तर दोन बाजूंनी एकाच वेळी. आणि पुन्हा उंची मिळेपर्यंत दुसरा हल्ला नाही. नाहीच.

यात वेळ जातो. एका संध्याकाळी असे तीन-चारच हल्ले होतील, आणि कदाचित एकच बॉम्बर पडेल. पण तो पडेल तेव्हा समोर खरंच कोणीतरी होतं असं वाटेल. ढ गनरवाले दहा बॉम्बर पाडून हे वाटणार नाही, लिहून घ्या.

तर माझं मत ठरावाच्या विरोधात. ढगातून बघणारे गनर बंद करायचे तर माझा हात पहिला वर. पण नेम बोथट करायचा असेल तर आधी प्रत्येकाने आपल्या शेवटच्या पाच मरणांचं रेकॉर्डिंग लावावं आणि एवढंच बघावं: आपण कुठल्या काट्यावर होतो? पाचही वेळा सहा वाजले असतील, तर बदलायची ती सर्व्हरची सेटिंग नव्हे.